लाल पेटी, निळी पेटी

निंतेंदो या जपानी कंपनीने अमेरिकेत दुकान थाटले आणि थाटल्या थाटल्या ते बुडायच्या बेतात आले. तिथला कारभार पाहणारे मिनोरू अराकावा म्हणजे कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचे जावई. त्यांनी 'रडार स्कोप' या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमची, नाणे टाकून खेळायची ३००० यंत्रे मागवली. बोटीने माल पोचेपर्यंत काही महिने गेले, तोवर गिऱ्हाइकांचा उत्साह मावळला. हजारेक यंत्रे कशीबशी खपली, बाकीची गोदामात पडून राहिली. सासऱ्यांनी मग शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराला नवा खेळ रचायला बसवले. १९८१ मध्ये त्याचा 'डाँकी काँग' सुट्या भागांच्या रूपात सिअ‍ॅटलजवळच्या गोदामात आला. अराकावा, त्यांच्या पत्नी योको आणि हाताशी असलेल्या मोजक्या माणसांनी न खपलेल्या पेट्या एकेक उघडून आतली सर्किटे बदलली आणि बाहेर नवी चित्रे चिकटवली.

म्हणून सुरुवातीचे डाँकी काँग लाल आहेत. तो लाल रंग रडार स्कोपचा. खेळ तुफान चालला आणि खास त्याच्यासाठी पेट्या बनू लागल्या, त्या निळ्या. आज कोणी घरच्या गॅरेजमध्ये हे यंत्र 'मूळ रूपात' आणायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न कोणत्या मूळ रूपात, हाच असतो.

प्रश्न तिथेही संपत नाही. ही यंत्रे बार, पिझ्झाची दुकाने आणि लाँड्र्यांमध्ये ठेवणारे ऑपरेटर पक्के व्यापारी होते. पेटीत पडणारी पंचवीस सेंटची नाणी रोडावली की नवे यंत्र घेण्याऐवजी आतली सर्किटची पाटी आणि कपाळावरची रंगीत काच बदलायची, बाजूंना काळा रंग फासायचा, की धंदा पुन्हा सुरू. निंतेंदो स्वतःच असे बदलाचे संच विकत असे. १९८५ च्या सुमारास 'जामा' नावाची ठरावीक जोडणी आली आणि काम आणखी सोपे झाले, एक प्लग काढायचा आणि दुसरा खोचायचा. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी 'मुस्तफा' खेळला, म्हणजे कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

तर घरी येते ती काळी, सिगारेटच्या वासाची, शंभरेक किलोची पेटी. काम तळापासून सुरू होते. वर्षानुवर्षे दुकानाची फरशी पुसली गेली, ते पाणी लाकडी भुशाच्या दाबीव फळ्यांनी प्यायले आणि कडा बिस्किटासारख्या फुगून भुगा झाल्या. थोडे नुकसान असेल तर पातळ हार्डनर जिरवून वर मोटारीच्या पत्र्याला लावतात ती लांबी भरायची, घासायची, पुन्हा भरायची. जास्त असेल तर कुजलेला भाग सरळ कापून नवा तुकडा गोंदाने आणि क्लॅम्पने बसवायचा. फळीच्या कडेने प्लॅस्टिकची पट्टी जाते, तिला टी-मोल्डिंग म्हणतात. तिची जीभ बसावी म्हणून नव्या तुकड्यातही राउटरने बारीक खाच पाडावी लागते. ती वाकडी गेली तर पुढे रंग कितीही सुरेख लागो, पेटी वाकडीच दिसते.

काळा रंग काढणे हे जिकिरीचे आणि सगळ्यात मजेचे काम. हीट गनने रंग मऊ करायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडायचा. नशीब असेल तर खालून जुने चित्र डोकावते. रंग काढायचे जालीम द्रावण इथे वापरू नये, काळ्याबरोबर खालचेही जाते.

खरी जोखीम मात्र पिक्चर ट्यूबमध्ये. यंत्र बंद करून प्लग काढला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो. म्हणून वायरीने ट्यूबच्या अर्थिंगला जोडलेला, जाड इन्सुलेशनच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवून तो भार उतरवतात, आणि दुसरा हात खिशात ठेवतात. दोन्ही हात यंत्राला लागले तर झटक्याची वाट छातीतून जाते. याचा अनुभव नसलेल्याने हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे द्यावे. चाळीस वर्षांत मॉनिटरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. चित्र थरथरते, कडा आत वळतात. ते सगळे काढून नवे सोल्डर केले की बहुधा चित्र सावरते.

डाँकी काँगमध्ये इथे आणखी एक मेख आहे. त्यातला सान्यो मॉनिटर जपानी पद्धतीने १०० व्होल्टवर चालतो आणि त्याला रंगांचे सिग्नल उलटे लागतात. त्याच्या जागी साधा अमेरिकन मॉनिटर जोडला तर काळ्या पार्श्वभूमीऐवजी पांढरी दिसते आणि सगळे रंग उलटतात. मधे सिग्नल उलटवणारी छोटी पाटी घालावी लागते.

नाणी टाकायचे दार, कुलूप, दिवे ही किरकोळ कामे. जुन्या बटणांच्या पत्र्याच्या पट्ट्यांमधून व्हिजिटिंग कार्ड ओढून मळ काढला तरी बरेचदा भागते.

काही जण या सगळ्याला फाटा देतात. पेटी रिकामी करून आत संगणक आणि सपाट पडदा बसवतात आणि १९९७ पासून मिळणाऱ्या 'मेम' या प्रणालीवर हवे ते खेळ चालवतात. मोडक्या, आतून पोकळ झालेल्या पेटीचे असे केले तर माझी हरकत नाही. धडधाकट मॉनिटर उपटून केले तर आहे. उलट टोकाचे लोक चाळीस वर्षांचा एकेक ओरखडा भरून, नवी छापील चित्रे लावून पेटी शोरूममधल्यासारखी करतात, तेही मला फारसे रुचत नाही. नियंत्रणाच्या फळीवर सिगारेटचे डाग असतात, खेळणाऱ्यांची मनगटे टेकून घासलेली जागा असते. फळी फुटलेली नसेल तर ती तशीच ठेवावी. आणि लाल पेटी सापडली तर कोणी ती रडार स्कोपपर्यंत मागे नेत नाही. डाँकी काँग ही तिची दुरुस्तीच होती, पण तीच आता अस्सल ठरली आहे.

आतल्या चिपांतल्या प्रोग्रामला मात्र सहसा कोणी हात लावत नाही, त्यात चूक असली तरी. पातळीच्या आकड्यात ४ मिळवून १० ने गुणायचे आणि तेवढे शेकडे वेळ द्यायचा, असा या खेळाचा हिशेब. बाविसाव्या पातळीवर उत्तर २६० येते. आठ बिटांच्या जागेत २५५ च्या पुढे मावत नाही, म्हणून उरतात ४. त्या वेळात पडद्यावर वरच्या टोकाला पोचणे अशक्य, खेळाचा नायक मारियो काही सेकंदांत मरतो. स्टीव्ह वीबी या शिक्षकाने वॉशिंग्टन राज्यातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये डाँकी काँगची पेटी ठेवून विक्रमासाठी सराव केला. २००७ चा 'द किंग ऑफ काँग' हा माहितीपट त्याच्यावर आहे. त्याच्यासारख्या खेळाडूंचा प्रयत्न असतो तो या चुकीपर्यंत पोचण्याचा, आणि पोचण्याआधी जमतील तेवढे गुण गोळा करण्याचा.