एका दाढेत सतराशे मीटर

रूट कॅनाल करताना डॉक्टर दाताच्या मुळात जी जांभळ्या मुठीची बारीक सुई घालतात, ती 10 नंबरची फाइल. तिचं टोक 0.1 मिलिमीटर, म्हणजे 100 मायक्रॉन. आपल्याला ती नाजूक वाटते. पण मुळात शिरणाऱ्या बुरशीच्या गल्लीत तो रोडरोलर आहे.

कारण मुळाची भिंत भरीव नसतेच. ती ज्या डेंटिनची बनलेली असते त्यात असंख्य नळ्या असतात, नसेच्या बाजूला जेमतेम अडीच-तीन मायक्रॉन रुंद. दाताच्या वरच्या भागात, नसेला लागून, एका चौरस मिलिमीटरात 45,000 आणि त्याहून जास्त नळ्या मोजल्या गेल्या आहेत. मुळाकडे त्या विरळ होतात. म्हणून हात राखून सरासरी 20,000 धरू. कॅनाल 12 मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद असेल तर आतली भिंत भरते 19 चौरस मिलिमीटरच्या आसपास, आणि नळ्या होतात 3,80,000. प्रत्येक नळी दीड मिलिमीटर धरली तरी लांबी जाते 570 मीटरवर. खालच्या दाढेत असे तीन कॅनाल सहज असतात. करा बेरीज!

मुळातल्या संसर्गात खरं राज्य जिवाणूंचं. बुरशी सापडते दर शंभरात आठ-नऊ कॅनालमध्ये, आणि ती बहुतेकदा कॅन्डिडा अल्बिकन्स. तिची गोल पेशी 4 ते 6 मायक्रॉनची, नळीत मावत नाही. पण ही पेशी तंतू काढते, आणि तंतू असतो दोन मायक्रॉनच्या आसपास. तो शिरतो. प्रयोगशाळेत भरपूर खाऊ घातला आणि दोन तासांत दुप्पट धरली, तर एका पेशीच्या दोन दिवसांत 1 कोटी 67 लाख होतात. कॅनालमध्ये एवढी मेजवानी नसते, हे आपलं नशीब.

दोन सिटिंगच्या मध्ये भरतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच 12.5, तरी प्रयोगांत कॅन्डिडा त्याला चिवटपणे तोंड देते. कॅनाल धुवायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट तिला झटपट मारतं, पण ते पोचलं पाहिजे. फाइल तर भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्याला किंवा त्याहून जास्त भागाला शिवतही नाही. म्हणूनच डॉक्टर पुन्हा पुन्हा धुतात.

तेव्हा ठणका थांबला म्हणून पुढची सिटिंग टाळू नका. तात्पुरतं सिमेंट निघालं तर त्याच दिवशी फोन करा, कारण थुंकीबरोबर कॅन्डिडाही आत जाऊ शकते.