सिंगापूरला पाण्याकाठी सायकल : किती जावे, कुठून परतावे



या सदरात मी नेहमी रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू यांवर लिहिते. या खेपेला सायकलवर लिहिते आहे. हसू नका. आपल्यापैकी पुष्कळांची मुले परदेशी आहेत आणि आपण तिकडे दोन-तीन महिने राहायला जातो. मुले कामावर गेली की आपण सोफ्यावर बसून राहतो आणि परत येताना वजन व साखर दोन्ही वाढवून आणतो. गेल्या वर्षी लेकीकडे सिंगापूरला गेलो तेव्हा आमचे तसेच चालले होते.

माझ्या मिस्टरांचे वय ७८, मधुमेह जुना. तरुणपणी ते ठाण्यात सायकलवर कामाला जात. पुंगोल भागात लेकीच्या इमारतीखालीच त्यांना सायकलची वाट दिसली आणि त्यांनी धोशा लावला. मी आधी साफ नाही म्हटले. पडून खुबा मोडलेली म्हातारी माणसे मी नोकरीत खूप पाहिली आहेत. पण घरात बसून खंगलेली माणसेही तितकीच पाहिली आहेत. शेवटी जावयांनी वाट दाखवली, ती पाहून मी कबूल झाले.

सिंगापूर म्हणजे नुसत्या उंच इमारती, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिथे जागोजागी जलाशय आहेत. पावसाचे पाणी साठवण्यासाठी त्यांनी नद्यांच्या मुखाशी बांध घातले आणि नद्यांचीच तळी केली. पुंगोल आणि सेरांगून हे दोन जलाशय असेच २०११ साली झाले. त्या दोघांना जोडणारा ४.२ किलोमीटरचा कालवा खोदला आहे, त्याला पुंगोल वॉटरवे म्हणतात. दोन्ही काठांना झाडे, बाके आणि सपाट वाट. मोटारी नाहीत. अशा वाटांना तिथे पार्क कनेक्टर म्हणतात, कारण त्या एका बागेतून दुसरीत नेतात.

दुसरी वाट कल्लांग नदीची. ही तिथली सर्वांत लांब नदी, तरी लांबी सुमारे १० किलोमीटरच! लोअर पीअर्स जलाशयातून निघून ती शहराकडे जाते. बिशान बागेत ती पूर्वी सिमेंटच्या सरळ नाल्यातून वाहत असे. २०१२ सालापर्यंत तो नाला फोडून तिला पुन्हा वळणे, दगड आणि गवताचे काठ दिले. बागेत फिरायला सुरेख. पुढे शहराकडे जाताना मात्र रस्ते ओलांडावे लागतात.

तिसरी वाट जुन्या रेल्वेची. मलायाची आगगाडी सिंगापूर शहरात तांजोंग पगार स्टेशनापर्यंत येत असे. ती ३० जून २०११ रोजी बंद झाली, रूळ काढले आणि २४ किलोमीटरची हिरवी वाट राहिली. आगगाडीला मोठा चढ चालत नाही, म्हणून ही वाट सपाट आहे आणि आपल्या छातीला सोसते. मात्र पावसानंतर काही ठिकाणी ती मऊ होते व चाक घसरते. मॅकरिची जलाशयाभोवतीच्या दाट जंगलातल्या पायवाटांवर सायकलला बंदी आहे. तिथे चालतच जावे.

आता आमची चूक सांगते, कारण हा लेख त्यासाठीच आहे.

एका रविवारी आम्ही दोन सायकली भाड्याने घेतल्या. ठरले होते की कालव्याच्या काठाने अर्धे जायचे आणि परतायचे. मिस्टरांनी सकाळची ग्लिमेपिराइड गोळी घेतली, पण उत्साहाच्या भरात टोस्ट अर्धाच खाल्ला. मी ते पाहिले आणि सोडून दिले. वाटेत गार वारा होता, पाय छान चालत होते. ते म्हणाले, "अजून थोडे जाऊ." असे थोडे-थोडे करत आम्ही सेरांगून जलाशयावरच्या लाल पुलापर्यंत गेलो. पुलापलीकडे लोरोंग हालुस आहे. तिथे १९९९ पर्यंत शहराचा कचरा टाकत, आता तिथे पाणवनस्पतींची बाग आहे. ती पाहायची त्यांना हौस.

पुलावर ते थांबले. कपाळावर घाम, हात थरथरत होते. मी विचारले, "काय होतंय?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, माझी बायको कुठे आहे?"

माझ्या पोटात गोळा आला. पण इतक्या वर्षांच्या सवयीने हात कामाला लागले. त्यांना कठड्याशी खाली बसवले. ते गिळू शकतात हे पाहून पिशवीतली साखर तीन चमचे पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी ओळख पटली. मग बिस्किटे दिली आणि जावयांना फोन केला. परतीला आम्ही सायकलवर बसलो नाही.

झाले काय ते समजून घ्या. चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. मधुमेहाला व्यायाम चांगला तो यामुळेच. पण पोटात अन्न कमी, वर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी, आणि त्यात लांब पल्ला, असे तिन्ही जमले की साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. छातीच्या काही गोळ्यांमुळे (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल) थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो. आपण खिशात खजूर ठेवतो, तो चांगलाच; पण आधी साखर किंवा ग्लुकोज, खजूर मागून. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. सिंगापूरला ९९५, महाराष्ट्रात १०८, इस्राएलमध्ये १०१. व्यायामानंतर काही तासांनीही साखर घसरू शकते, म्हणून त्या दिवशी जेवण चुकवू नका.

औषधाची जशी मात्रा, तशी वाटेची मात्रा घरूनच ठरवून निघावी, हे मी त्या पुलावर शिकले. आता आमचे नियम असे :

१. ठरल्या जागेवरून परतायचे. पाय चांगले चालत असतील तरीही. जितके गेलो तितकेच परत यायचे असते.

२. लवकर निघायचे. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य बाराही महिने सातच्या सुमारास उगवतो. नऊच्या आत घरी. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. पाणी थोडे-थोडे प्यावे. हृदयासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल तर त्यांना विचारावे.

३. ढग गडगडले की पाण्याकाठ आणि मोकळी जागा सोडून पक्क्या छपराखाली जावे. तिथे वर्षात दीडशेहून जास्त दिवस विजा होतात.

४. वेग बोलण्यावरून ठरवावा. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतकाच दम लागू द्यावा. वर सांगितलेल्या छातीच्या गोळ्या चालू असतील तर नाडीवर भरवसा ठेवू नका.

५. सायकल खाली वाकलेल्या दांडीची घ्यावी, जिला आपण लेडीज सायकल म्हणायचो. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. मात्र थांबताना पायाची बोटे जमिनीला टेकली पाहिजेत.

६. हेल्मेट घालावेच. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पडून डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालय गाठावे.

७. तिथे पार्क कनेक्टरवर वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आणि पदपथावर १० आहे. आपल्याला दहासुद्धा पुष्कळ!

ज्यांचा तोल जातो, चक्कर येते किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी सायकल चालवू नये. त्याच वाटांवर चालावे. सायकलने गुडघ्यावर भार कमी पडतो, पण हाडांनाही भार मिळत नाही. म्हणून ठिसूळ हाडांसाठी चालणे लागतेच. जागतिक आरोग्य संघटना आपल्या वयालाही आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. रोजची वीस-बावीस मिनिटे झाली. ठाण्याच्या तलावपाळीला चाला किंवा तेल अवीवला यार्कोन नदीकाठी, हिशेब तोच.

त्या प्रसंगानंतर मी सायकल बंदच करणार होते. मिस्टर आठवडाभर काही बोलले नाहीत, नुसते खिडकीतून खाली बघत बसले. मग डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि नाश्ता बसवून घेतला. पुढच्या रविवारी ते पूर्ण टोस्ट आणि अंडे खाऊन, खिशात साखरेची पुडी घेऊन दारात उभे राहिले. आम्ही दोन किलोमीटर गेलो आणि दोन किलोमीटर परत आलो. लाल पूल लांबून दिसेल म्हणून ते मान उंच करत होते. मी घंटी वाजवली आणि सायकल वळवली.