देवळाचा शिलालेख आणि देवळाचा जमाखर्च

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या दारावर एक लहानसा संस्कृत शिलालेख आहे. शके १५९०, म्हणजे इ. स. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाच्या कामास प्रारंभ झाला, एवढेच तो सांगतो. गाभाऱ्यात दिवा कोण लावी, त्याला तेल किती लागे, हे तो सांगत नाही.

प्राचीन इजिप्तमध्ये मात्र असला रोजचा हिशेब दगडावरही सापडतो. पपायरस महाग, त्यामुळे चुनखडीच्या कपच्या आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या हाच तिथला कच्चा कागद. त्यांना ऑस्ट्राका म्हणतात. मजकूर बहुधा शाईने लिहिलेला असे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या राज्यवर्षातील एका कपचीवर राजांची थडगी घडवणाऱ्या कामगारांचे खाडे नोंदले आहेत. कोणाला विंचू चावला होता, तर कोणी घरी मद्य गाळीत होता. अथ्रिबिसच्या देवळाजवळ १८,००० हून अधिक लिखित तुकडे मिळाल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. त्यांत करपावत्या, नावांच्या याद्या आहेत. विद्यार्थ्यांनी एकच चिन्ह पुन्हापुन्हा गिरवलेल्या खापऱ्याही आहेत.

आपल्याकडे हे काम कागदाने आणि मोडीने केले. मोडीत हात फारसा न उचलता लिहिता येते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळावा लागत नाही. म्हणून ती हिशेबनिसाच्या सोयीची. नंदादीपाचे तेल, नैवेद्याचे तांदूळ (वीस कुडवांची एक खंडी), भट, देवळी, वाजंत्री यांच्या पाळ्या, कुळांकडून आलेले भात, जत्रेचा खर्च हे देवस्थानच्या जमाखर्चाचे विषय. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, तरी इथला मोडी व्यवहार थांबला नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या नोंदी शिलालेखाइतक्याच मोलाच्या आहेत. मापांची, भांड्यांची, वाड्यांची, सेवेकऱ्यांची नावे बोलीच्या वळणाने कुठे उतरली असतील, तर ती हिशेबात.

इजिप्तच्या कपच्या लोकांनी फेकूनच दिल्या होत्या. कोरड्या वाळूने त्या तीन हजार वर्षे राखल्या. आपल्याकडे पाऊस आणि वाळवी आहे. जीर्णोद्धाराच्या वेळी देवळाच्या पेटाऱ्यातील मोडी कागद रद्दीत जाऊ नयेत. आधी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, मग मोडी जाणणाऱ्यास दाखवावेत. आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना तरी मोडी शिकवावी. नाहीतर कागद उरतील, वाचणारा उरणार नाही.