न झिजणाऱ्या वस्तूंचा बाजार

अर्थशास्त्राचा विचार करावयाचा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेत, गिरणी, पेढी आणि सरकारी खजिना ही ठिकाणे उभी राहतात. खेळाचे मैदान त्यांत येत नाही. खेळ म्हणजे पोटापाण्याच्या व्यवहारातून घटकाभर मिळालेली सुटका, अशी आपली समजूत आहे आणि ती पुष्कळशी खरीही आहे. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाच्या पडद्यावर असे काही खेळ निर्माण झाले आहेत की, देशोदेशींची हजारो माणसे एकाच काल्पनिक राज्यात एकत्र वावरतात. तेथे खाणी खणतात, मासे धरतात, तलवारी घडवितात आणि त्या एकमेकांस विकतात. तेथे नाणे आहे, भाव आहे, साठेबाजी आहे आणि मंदीही आहे. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील नॉराथ नामक राज्याचा हिशेब मांडला. खेळातल्या वस्तू बाहेर ज्या डॉलरच्या भावाने विकल्या जात होत्या, त्यावरून त्या राज्याचे दरडोई उत्पन्न रशिया व बल्गेरिया या दोन देशांच्या मध्ये कोठेतरी पडते, असे त्यांना आढळून आले. तेव्हा हा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

या राज्यांत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. कष्टाने मिळविलेल्या वस्तूंचे भाव तेथे सारखे घसरत का जातात, आणि ते सावरावयाचे तर कोणी व कसे? हा एकच प्रश्न आम्ही येथे हाती घेणार आहोत. त्यासाठी मुख्य उदाहरण घेऊ ते ‘रूनस्केप’ या खेळाचे. इंग्लंडात २००१ च्या जानेवारीत हा खेळ सुरू झाला. पुढे २००७ सालच्या जुन्या स्वरूपातील त्याची एक आवृत्ती खेळाडूंच्या मतदानानंतर २०१३ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडण्यात आली, आणि ती आजही जोरात चालू आहे.

प्रथम या राज्याचा जमाखर्च कसा चालतो ते पाहू. खेळाडू राक्षसाला मारतो. राक्षस पडला की त्याच्या जागी नाणी किंवा एखादी वस्तू उरते. ही नाणी कोणाच्या खिशातून आलेली नसतात. ती त्या क्षणी जन्मास येतात. लाकूड, धातू, मासे यांचेही तसेच. म्हणजे हे राज्य एखाद्या हौदासारखे आहे. त्याला वरून शेकडो नळ सुटलेले आहेत, आणि पाणी बाहेर जाण्यास खाली काही मोऱ्या ठेवलेल्या आहेत. नळ मोठे आणि मोऱ्या लहान झाल्या की हौद भरून वाहू लागणार, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

असे आहे तर नळच मोजून का सोडू नयेत, असे कोणी विचारील. तो प्रयोगही झाला आहे. १९९७ साली निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाच्या कर्त्यांनी राज्यातील एकंदर साधनसंपत्ती ठरावीकच ठेवण्याचे योजिले होते. वस्तू नाहीशी झाली की तिचे द्रव्य पुन्हा निसर्गात जावे आणि तेथून नवी वस्तू निर्माण व्हावी, अशी ती सुंदर कल्पना होती. पण माणसाचा स्वभाव आडवा आला. खेळाडूंनी वस्तू वापरल्याच नाहीत, साठवून ठेवल्या. द्रव्य कोठारांत अडकले, रानात काही उगवेना, आणि ती योजना सोडून द्यावी लागली. तेव्हापासून नळ सोडून ठेवणे आणि मोऱ्या शोधीत बसणे, हाच बहुतेक खेळांचा रिवाज झाला.

आता भाव का घसरतात हे पाहावयाचे. याची तीन कारणे आम्हांस दिसतात. पहिले आणि सर्वांत मोठे कारण असे की, तेथील पुष्कळशा वस्तू झिजत नाहीत. आपल्या जगात जोडा फाटतो, नांगराचा फाळ बोथट होतो, धोतर विरते. म्हणून चांभाराचे, लोहाराचे आणि विणकराचे दुकान चालते. झीज हा आपल्याला शाप वाटतो. पण बाजाराच्या दृष्टीने तोच आशीर्वाद आहे. ‘रूनस्केप’मध्ये ‘ॲबिसल व्हिप’ नावाचे चाबकासारखे एक शस्त्र आहे. ते ज्या राक्षसापासून मिळते तसे सरासरी ५१२ राक्षस मारावेत तेव्हा एक हाती लागते. एवढे दुर्मीळ शस्त्र पहिल्याप्रथम अत्यंत महाग असते यात नवल नाही. पण मानू की एक हजार खेळाडूंनी रोज एकेक चाबूक मिळविला. वर्षाकाठी तीन लाख पासष्ट हजार चाबूक राज्यात आले, आणि त्यांतला एकही मोडला नाही. दुसऱ्या वर्षी तितकेच आणखी येतील. घेणाऱ्याला मात्र जन्मात एकच पुरतो. मग भाव टिकावा कसा?

दुसरे कारण उत्पादकाच्या वृत्तीत आहे. आपल्याकडे मालाला भाव नाही असे दिसले की शेतकरी पुढल्या हंगामात पीक बदलतो. निदान बदलू पाहतो. खेळात उत्पादक माल विकण्यासाठी राबतच नाही. लोहारकामात कौशल्याचे अंक वाढावेत म्हणून तो शेकडो चिलखते घडवितो. चिलखत हा त्याच्या दृष्टीने भुसा असतो. ते तोट्यात विकावे लागले तरी त्याची तक्रार नाही, कारण त्याला हवे होते ते मिळालेले असते. भाव उतरला तरी पुरवठा आटत नाही असा हा बाजार आहे.

तिसरे कारण म्हणजे यंत्राकडून खेळून घेणारे लोक. हे न थकता, न झोपता लाकूड तोडीत राहतात, आणि प्रामाणिक लाकूडतोड्याची मजुरी पाडतात. २०११ च्या ऑक्टोबरात ‘रूनस्केप’च्या चालकांनी अशी लाखो खाती एका तडाख्यात बंद केली; परंतु हे तण एकदा उपटून संपणारे नव्हे.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. वस्तूंचे भाव घसरणे आणि नाण्याची किंमत घसरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या राज्यांत त्या एकाच वेळी घडू शकतात. ज्या वस्तू रोज निपजतात त्या स्वस्त होत जातात. ज्यांची निपज कायमची थांबली त्या आकाशाला भिडतात. २००१ च्या नाताळात ‘रूनस्केप’मध्ये खेळाडूंना फटाके वाटण्यात आले व त्यांतून कागदी टोप्या निघाल्या. त्या टोपीचा उपयोग शून्य. पण पुन्हा कधी त्या निघाल्या नाहीत. पुढे त्यांचा भाव इतका चढला की, संगणक नाण्यांच्या एका राशीत जो सर्वांत मोठा आकडा मांडू शकत होता, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, तोही अपुरा पडू लागला. तेव्हा एकाच पेठेत एकाच्या घरी मंदी आणि दुसऱ्याच्या घरी महागाई, असा देखावा दिसतो.

भाव अगदी तळाला जाऊ नये म्हणून या खेळात एक जुनी सोय आहे. विशिष्ट पायरी गाठलेल्या खेळाडूला एक मंत्र अवगत होतो. त्याच्या योगे वस्तूच्या ठरीव मूल्याच्या साठ टक्के इतकी नाणी मिळतात आणि वस्तू नाहीशी होते. ‘रून प्लेटबॉडी’ या चिलखताचे ठरीव मूल्य ६५,००० नाणी. म्हणून ते कोणाच्याही खटपटीवाचून ३९,००० ला जाते. हा एक प्रकारचा हमीभावच झाला. पण हमीभावाचे पैसे कोठून येतात, हा प्रश्न येथेही चुकत नाही. ती नाणी नवीच पाडलेली असतात. म्हणजे वस्तूंचा पूर अडविला, पण नाण्यांचा पूर सोडला.

आता व्यापाराकडे वळू. आरंभी खेळाडू वॅरॉक या काल्पनिक शहरात उभे राहून आरोळ्या देत आणि समोरासमोर सौदा करीत. २००७ च्या नोव्हेंबरात चालकांनी एक मध्यवर्ती पेठ उघडली. विकणाऱ्याने आपला माल व भाव नोंदवावा, घेणाऱ्याने आपला. दोन्ही जुळले की सौदा पुरा. यात सोय झाली हे खरे. पण ज्याला भाव ठाऊक नसे त्याच्या अज्ञानावर जगणारा दलाल मागे पडला, आणि भावांतली चढउतार सर्वांना एकदम दिसू लागली.

त्याच सुमारास राज्यावर दुसरे संकट आले होते. खेळातील सोने खऱ्या पैशांत विकणाऱ्यांचा धंदा फोफावला होता, आणि त्यांपैकी काही जण चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर खाती उघडीत. चालकांनी जालीम उपाय योजिला. २००८ च्या जानेवारीपासून कोणीही कोणाला ठरावीक मर्यादेपलीकडे कमीजास्त किमतीचा माल देऊ शकणार नाही, असा नियम झाला. मित्राला भेट देता येईना. आणि पेठेतील सौदेही अधिकृत भावाच्या पाच टक्के वर-खाली एवढ्यातच बसवावे लागले. परिणाम काय झाला? खरा भाव आणि अधिकृत भाव यांत जेथे अंतर पडले, तेथे लोक सौद्यात कचऱ्यासारख्या वस्तू घालून तो फरक भरून काढू लागले. भावनियंत्रण आले की काळा बाजार त्याच्या पावलावर पाऊल टाकून येतो, हा धडा लढाईच्या काळातील रेशनिंगने सर्व जगाला दिला होता. तो येथे पोरासोरांच्या खेळातही गिरविला गेला. अखेर चालकांनी खेळाडूंचाच कौल घेतला. बारा लाखांवर मते पडली, त्यांतील ९१ टक्के मुक्त व्यापाराच्या बाजूने होती, आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी बंधने उठली.

व्यापार मुक्त झाला तरी घसरणीचे मूळ कारण शिल्लकच होते. त्यावर पुनरुज्जीवित आवृत्तीत दोन उपाय झाले, ते आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटतात. पहिला झिजेचा. मघाच्या चाबकाला दुसरी एक वस्तू जोडली असता अधिक प्रभावी शस्त्र बनते. पण ते दहा हजार प्रहारांनंतर निकामी होते आणि चाबूक कायमचा जातो. ज्याला अधिक बळ हवे त्याने झीज पत्करावी, असा हा न्याय. दुसरा उपाय डिसेंबर २०२१ मधला. पेठेतील विक्रीवर एक टक्का कर बसला. मे २०२५ मध्ये तो दोन टक्के झाला. या कराच्या नाण्यांतून खेळाची व्यवस्थाच पेठेत काही निवडक वस्तू विकत घेते आणि नष्ट करते. यात नवे नाणे पाडावे लागत नाही. जे चलनात आहे त्यातूनच खरेदी होते. मंत्राच्या हमीभावात आणि या खरेदीत हाच महत्त्वाचा भेद आहे.

सर्वच चालकांना हे साधले नाही. ‘डायब्लो-३’ हा खेळ मे २०१२ मध्ये निघाला, तेव्हा त्यात लिलावगृहे ठेवलेली होती. एकात खऱ्या पैशांतही सौदे होत. उत्तम शस्त्रे विकत मिळू लागताच राक्षस मारण्याचे कारणच उरले नाही. मे २०१३ मध्ये एका त्रुटीमुळे काहींनी सोने हवे तितके वाढवून घेतले, आणि लिलावगृहांना काही काळ टाळे लागले. शेवटी १८ मार्च २०१४ रोजी कर्त्यांनी ती कायमचीच बंद केली. बाजार टिकला असता तर खेळ मेला असता, हे त्यांनी ओळखले.

येथवर हा हिशेब नाण्यांचा झाला. पण या घसरणीला एक बाजू आहे तेथे खेळ संपतो. व्हेनेझुएला देशाच्या मध्यवर्ती बँकेने २०१८ सालची भाववाढ १,३०,००० टक्क्यांच्या वर असल्याचे प्रसिद्ध केले. त्या वर्षी तेथील चलनावरची पाच शून्ये पुसावी लागली, आणि २०२१ मध्ये आणखी सहा. अशा दिवसांत तेथील कित्येक तरुण ‘रूनस्केप’मध्ये तासन्‌तास ड्रॅगन मारून सोने जमवू लागले आणि ते परदेशी गिऱ्हाइकांना विकून घरात धान्य आणू लागले. देशाच्या नाण्यापेक्षा खेळाचे नाणे अधिक भरवशाचे ठरले! खेळाच्या नियमांप्रमाणे ही विक्री निषिद्ध आहे. ती पकडली गेली की खाते बंद होते. इतर खेळाडूंना हे लोक भाव पाडणारे उपरे वाटले, आणि २०१७ साली त्यांना हेरून रानात कसे मारावे याच्या सूचनाही काहींनी पसरविल्या. एकाला जी करमणुकीतली अडचण होती, ती दुसऱ्याची रोजी होती.

दोष कोणाचा? चाबूक स्वस्त झाला तर नव्या खेळाडूचा लाभच होतो. ज्याने तो महाग घेतला त्याला चुटपुट लागते, पण त्याची चूल विझत नाही. खेळापुरती भावांची घसरण हे संकट नव्हेच. ती विपुलतेची खूण आहे. ती संकट होते ते जेव्हा कोणाचे पोट तिच्यावर अवलंबून राहते तेव्हा. आणि त्या पोटाला दाद मागण्याची जागा नाही. खेळाच्या राज्यात टाकसाळ, पेठ, जकातनाका आणि न्यायासन ही चारी एकाच कंपनीच्या हाती असतात. उद्या एखादा नळ अधिक मोकळा सोडला तर राबणाऱ्याची मजुरी निम्म्यावर येईल. ज्या राज्यात तो राबतो त्याचा तो नागरिक नाही, आणि त्याचे श्रम तेथील कायद्याने श्रमच नाहीत.

भाव हा निसर्गाने ठरविलेला असतो असे आपण सहज बोलून जातो. या खेळांनी ते किती अपुरे आहे हे उघड करून दाखविले. नळ किती सोडावा, झीज किती ठेवावी, कर कोणावर बसवावा, हे तेथे कोणीतरी बसून ठरवितो, आणि भाव त्या निर्णयामागून चालत येतो. आपल्या बाजारात ठरविणारे हात अनेक असतात आणि ते सहसा दिसत नाहीत. म्हणून भाव कोसळला म्हणजे केवळ मागणी-पुरवठ्याकडे बोट दाखवून थांबू नये. नळावर हात कोणाचा आहे आणि मोरी कोणी बुजविली आहे, हेही विचारावे. हा प्रश्न विचारण्याची सवय त्या काल्पनिक राज्यांच्या अभ्यासाने लागली, तर खेळाकडे दिलेला हा वेळ फुकट गेला असे म्हणता येणार नाही.