पेन्शन कधी सुरू करावी? पती-पत्नींनी मिळून ठरवावे

खाजगी कारखान्यात, दवाखान्यात किंवा संस्थेत नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना प्रॉव्हिडंट फंडाबरोबर 'कर्मचारी पेन्शन योजना, १९९५' लागू असते. फंडाच्या रकमेची आपण बारकाईने चौकशी करतो. पेन्शनचा अर्ज मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून घाईने भरतो. घाईत झालेली कपात पुढे आयुष्यभर राहते.

या पेन्शनसाठी किमान १० वर्षे सेवा लागते. पूर्ण पेन्शन वयाच्या ५८ व्या वर्षी मिळते. नोकरी सुटली असल्यास ५० नंतरही ती घेता येते. पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. उलट ६० पर्यंत थांबल्यास दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते.

समजा, ५८ व्या वर्षी ३००० रुपये पेन्शन बसते. ती ५५ व्या वर्षी घेतल्यास सुमारे २६४० रुपये मिळतील. तीन वर्षांत अंदाजे ९५ हजार रुपये आधी हाती येतील. पुढे दरमहा ३६० रुपयांच्या तुटीने ही रक्कम फिटायला २२ वर्षे लागतील, म्हणजे वय ८० होईल. म्हणून घरात खरीच अडचण असेल तर लवकर पेन्शन घेण्यात चूक नाही.

परंतु हा हिशेब एकट्याचा नाही. पेन्शनधारक पतीच्या निधनानंतर त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम पत्नीला मिळते. ती १५०० ऐवजी १३२० होईल. पत्नी बहुधा वयाने लहान असते. तिला त्यावर अनेक वर्षे काढायची असतात. या पेन्शनला महागाई भत्ताही नाही.

दोघेही नोकरी करून निवृत्त झाले असतील आणि पैशांची निकड असेल, तर ज्याची पेन्शन लहान त्याची आधी सुरू करावी. मोठी पेन्शन शक्यतो ५८ पर्यंत राखावी, कारण मागे राहणाऱ्याचा आधार तीच असते.

पत्नीची नोकरी १० वर्षांच्या आत सुटली असेल, तर पेन्शनचे पैसे काढून न घेता योजना प्रमाणपत्र घ्यावे. पुढील नोकरीची सेवा त्यात जोडता येते.

अर्जाचा फॉर्म १०-डी भरण्यापूर्वी दोघांची नावे व जन्मतारखा सर्व कागदांवर सारख्या आहेत ना, हे पाहावे. सही एकाची असली तरी निर्णय दोघांचा असावा.