गुप्तधनाच्या कथा आणि स्थलनामांची साक्ष

पुरलेल्या धनाची कथा सांगणारा गांव, ओढा, देऊळ यांचीं खरीं नांवें घेतो, आणि तेवढ्यावरून ऐकणाऱ्याची खात्री पटते. ही खात्री कितपत साधार आहे, हें कल्याणनजीकच्या तीन गांवांवरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम बदलापूर. सुरतेच्या मोहिमेंत शिवछत्रपतींच्या स्वारांनीं येथें घोडे बदलले म्हणून हें नांव पडलें, असें लोक सांगतात. सुरतेच्या लुटीपैकीं कांहीं द्रव्य वाटेंत पुरलें गेलें, ही कथाही महाराष्ट्रांत प्रचलित आहे. या दोहोंचा सांधा जुळविणें सोपें. परंतु १६७० च्या दुसऱ्या लुटीनंतर मराठी फौज बागलाणांतून परतली व १७ ऑक्टोबरास वणी-दिंडोरीजवळ मोगलांशीं लढली. ती वाट बदलापुराच्या पुष्कळ उत्तरेस राहते. शिवाय घोडे बदलल्याची कथा गांवाच्या नांवावरूनच निपजलेली दिसते. मग तेंच नांव त्या कथेचा पुरावा कसें होईल?

दुसरें उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले, आणि १९४९ मध्यें उल्हास नदीवरून वसाहतीस हें नांव मिळालें. शिवकालीन म्हणविणाऱ्या एखाद्या टिपणांत तें आढळल्यास टिपण बनावट किंवा मागाहून फिरविलेलें समजावें. म्हणजे अवेळीं आलेलें नांव लबाडी उघडी करतें. परंतु योग्य नांवानें कथा खरी ठरत नाहीं, कारण खोटें रचणाराही आपल्या परिचयाचींच गांवें घालतो.

तिसरें अंबरनाथ. तेथील शिवालय पांडवांनीं एका रात्रींत बांधिलें, अशी लोककथा आहे. त्याच मंदिरांतील शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा असून त्यांत शिलाहार राजा मम्वाणि व त्याचे अधिकारी यांचीं नांवें आहेत. स्थळ दोन्हीकडे खरें. पण लेखांतील राजा व काल इतर ताम्रपटांशीं ताडून पाहतां येतात, पांडवांच्या कथेंत तसें कांहीं नाहीं.

सारांश, धन कोणीं, केव्हां व कां पुरलें, याचा समकालीन कागद मिळेपर्यंत स्थलनामें हीं केवळ सांगणाऱ्याच्या माहितीचीं साक्षीदार होत. धनाच्या आशेनें जुन्या देवळांचीं जोतीं उकरलीं तर असला एखादा लेखच फुटावयाचा. सांपडलेल्या निधीविषयींचा कायदा १८७८ पासून आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें. वाचकांनीं अशा कथा ऐकल्या तशा, सांगणाऱ्याच्या गांवासह, टिपून ठेवाव्या. कुदळ मात्र लावूं नये.