चढावरची जळजळ

कर्वेनगरमधल्या या घरात रात्रीचं जेवण साडेसातला उरकतं आणि साडेनऊला दिवे मालवलेले असतात. शनिवारी संध्याकाळचं लग्नाचं रिसेप्शन असो की शेजाऱ्यांच्या मुलाचा वाढदिवस, ही दोघं सगळ्यात आधी येऊन सगळ्यात आधी निघणार, हे आता नातेवाइकांनीही मान्य केलं आहे. रविवारी पहाटे ‘लाँग रन’ असतो. गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी बुटांचे चार जोड वाळत पडलेले असतात. तो ५४ वर्षांचा, एका खासगी कंपनीत. ती ५० वर्षांची, बँकेत. मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात ७९ वर्षांच्या सासूबाई. त्यांना आठ वर्षांनंतरही एकच प्रश्न पडतो : “पळून शेवटी घरीच यायचं, तर मग जायचं कशाला?”

हे जोडपं कुठल्या एका घरातलं नाही. दवाखान्यात येणाऱ्या अनेक घरांतून थोडं थोडं घेऊन ते उभं राहिलं आहे. पण पहाटे राजाराम पुलाच्या बाजूनं डीपी रस्त्यावर चक्कर मारली, तर त्यांच्यासारखी दहा-पाच जोडपी सहज दिसतील.

पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३पासून भरते. पण कितीतरी वर्षं पळणारे वेगळे आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे वेगळे, अशी सरळ विभागणी होती. २००४मध्ये मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली, २०१२पासून साताऱ्यात डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होऊ लागली आणि हळूहळू टाळ्या वाजवणारेच रस्त्यावर उतरले. यांतल्या बहुतेकांना बक्षीस मिळवायचं नसतं. मागच्या वर्षीपेक्षा दोन मिनिटं कमी लागली, एवढ्यावर महिनाभर आनंदात जाणारी ही माणसं आहेत.

कर्वेनगरला पायांचा इतिहास तसा जुनाच. १९००मध्ये अनाथ बालिकाश्रम हिंगण्याच्या माळावर आला, तेव्हा धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. दिवसभर तिथं शिकवून ते आश्रमात पायी जात. धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात तर चिखलच. अण्णा १०४ वर्षं जगले. चालण्यामुळेच जगले, असं म्हणण्याचा मोह होतो; पण एका माणसाच्या आयुष्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी हजारो माणसं तपासावी लागतात. आणि ती तपासली गेली आहेत. अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न पळणाऱ्यांच्या तुलनेत पळणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी आढळले. यासाठी मॅरेथॉनची गरज नव्हती. रोज पाच-दहा मिनिटं संथ पळणाऱ्यांमध्येही हा फरक दिसला. गुडघ्यांबद्दलची भीतीही बरीचशी निराधार आहे. २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण साडेतीन टक्के होतं. बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये ते दहा टक्क्यांच्या वर. स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये मात्र ते तेराच्या पुढे गेलेलं होतं.

तेव्हा सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर आहे. अडचण वेगळीच आहे आणि ती या घरात एका ऑक्टोबरमध्ये आली.

गुरुवारी दोघं टेकडीवर जातात, चढाच्या सरावासाठी. त्या गुरुवारी पहिल्याच चढाला त्याच्या छातीच्या मधोमध जळजळ झाली. थोडी घशाकडे सरकली. त्यानं वेग कमी केला, पाच मिनिटं चालला आणि जळजळ थांबली. मग तो पुन्हा पळाला तेव्हा काहीच नाही. घरी येऊन त्यानं आम्लपित्ताची गोळी घेतली आणि आदल्या रात्रीच्या मिसळीला दोष दिला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तसंच. या वेळी मिसळ नव्हती, म्हणून दोष पहाटेच्या कॉफीवर गेला.

ही जळजळ नीट समजून घेण्यासारखी आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयाला रक्त तुलनेनं कमी लागतं. हृदयाची एखादी रक्तवाहिनी ७० टक्के अरुंद झाली असली, तरी तेवढं रक्त त्यातून जातं. म्हणून बसल्या जागी काढलेला ईसीजी अगदी व्यवस्थित असू शकतो. चढावर पळताना मात्र हृदयाच्या स्नायूंची गरज चौपट-पाचपट होते आणि अरुंद नळी तेवढं पुरवू शकत नाही. उपाशी स्नायू तक्रार करतो. ती तक्रार सिनेमात दाखवतात तशी, छाती धरून कोसळण्याच्या रूपात येईलच असं नाही. कधी जळजळ, कधी जबड्यात ओढल्यासारखं, कधी डावा हात जड, कधी नुसताच नेहमीपेक्षा जास्त दम. थोडं चालल्यावर दुखणं थांबतं आणि मग दुसऱ्या चढाला काही होत नाही, याचंही वैद्यकशास्त्राला आश्चर्य वाटत नाही. पहिल्या ताणानंतर हृदय काही काळ जुळवून घेतं. पळणारे मात्र त्याचा अर्थ ‘वॉर्मअप कमी पडला होता’ असा लावतात. इथंच फसगत होते.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्या. टेकडीवर तो कायम पुढे असायचा आणि ती पन्नास पावलं मागे. तीन आठवडे ती त्याच्या बरोबरीनं चढत होती. आपण सुधारलो, असं तिला आधी वाटलं. मग तिनं मनगटावरच्या घड्याळातल्या नोंदी पाहिल्या. तिचा वेग तोच होता. त्याचा किलोमीटरमागे जवळजवळ एक मिनिटानं घसरला होता. तिनं विचारलं, “अहो, ही ॲसिडिटी सोफ्यावर बसून क्रिकेट बघताना का होत नाही?”

वैद्यकीय विद्यार्थ्याला हृदयविकाराचं निदान शिकवताना नेमका हाच प्रश्न शिकवतात. श्रमाबरोबर येणारं आणि विश्रांतीनं थांबणारं, जबडा ते बेंबी या पट्ट्यातलं कुठलंही दुखणं हृदयाचं समजून चालायचं, जोवर ते तसं नाही हे सिद्ध होत नाही.

त्याचं उत्तरही ठरलेलं होतं : “गेल्या वर्षी पावणेपाच तासांत मॅरेथॉन पूर्ण केली. माझ्या हृदयाला काय होणार आहे?” सुशिक्षित, शिस्तीच्या, पळणाऱ्या माणसांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं आणि आजार लपवण्यात त्याचा मोठा हात असतो. पळण्यानं धोका कमी होतो. शून्य होत नाही. त्याच्या वडिलांना ५७व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. पळायला लागण्याआधी वीस वर्षं त्यानं सिगारेट ओढली होती. रक्तदाब ‘थोडासा’ वाढलेला होता आणि त्याची गोळी तो पळायला लागल्यावर आपल्या आपणच बंद करून बसला होता. शिवाय आपण दक्षिण आशियाई. विविध देशांची तुलना करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येत असल्याचं दिसलं, इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. आठ वर्षांच्या पळण्यानं हे सगळं पुसून जात नाही.

पुढचं थोडक्यात. साधा ईसीजी ठीक आला. ट्रेडमिलवरच्या चाचणीत नवव्या मिनिटाला आलेख बदलला, आणि त्याच वेळी ती ओळखीची जळजळही झाली. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी ८५ टक्के अरुंद निघाली. स्टेंट बसला. स्नायूला इजा झालेली नव्हती, कारण झटका येण्याआधीच तो दवाखान्यात पोहोचला होता. डिसेंबरच्या मॅरेथॉनसाठी त्यानं नाव नोंदवलेलं होतं.

तो ती पळाला असता तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये २००० ते २०१० या काळात धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख धावकांची पाहणी झाली. त्यांतल्या ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा शर्यतीनंतर लगेच बंद पडलं, ४२ दगावले. म्हणजे लाखात एकाहूनही कमी. पण हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे. छातीत जळजळ होत असताना गोळी खाऊन पळणाऱ्याला तो लागू करता येत नाही. २०२५मध्ये याच अभ्यासाचा पुढचा भाग आला, २०१० ते २०२३चा. हृदय बंद पडण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं होतं, पण त्यातून होणारे मृत्यू निम्म्यावर आले होते. धावकांची हृदयं बदलली नव्हती. आजूबाजूच्या लोकांनी तत्काळ छाती दाबायला सुरुवात करणं आणि विजेचा झटका देणारं यंत्र हाताशी असणं, हे बदललं होतं.

त्यानंतर तिनं पहिलं काम केलं ते हे शिकण्याचं. माणूस कोसळला, हाकेला उत्तर देत नाही आणि श्वास नीट नाही, तर १०८ला फोन करायचा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबायला लागायचं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. त्यांच्या रविवारच्या गटातल्या अठरा जणांनाही तिनं शिकायला लावलं. महागड्या बुटांची चर्चा तासन् तास करणाऱ्या त्या गटात आधी हे एकालाही येत नव्हतं.

या धावपळीत तिच्याकडे बघायचं राहून गेलं, घराघरांत राहतं तसं. तीही गेले सहा महिने दमत होती. पंधरा किलोमीटरनंतर पाय शिशाचे व्हायचे. सराव कमी पडतोय, वय झालं, असं तिनंच ठरवून टाकलं होतं. त्याच्या तपासण्यांबरोबर तिचंही रक्त दिलं, तर हिमोग्लोबिन ९.८ आणि शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. पाळी जाण्याच्या आधीची दोन वर्षं रक्तस्राव जास्त होत होता. त्याबद्दल तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. पळणाऱ्या, चांगलं खाणाऱ्या स्त्रिया त्यातून आपोआप सुटत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला, लोहाच्या गोळ्या आणि जेवणाबरोबरचा चहा बंद, यावर तीन महिन्यांत तिचे पाय पुन्हा हलके झाले. पूर्वी मोठ्या शर्यतीच्या सकाळी ती गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळीही घ्यायची. तीही बंद झाली. घामानं शरीरातलं पाणी कमी होत असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, हे पळणाऱ्यांच्या गावीही नसतं.

घरातला अवघड काळ मात्र स्टेंटनंतरचा होता. रिपोर्ट चांगले, आणि माणूस चिडका. पहिले काही आठवडे त्याला फक्त चालायची परवानगी होती. पहाटे तिचा गजर वाजला की तो जागा व्हायचा आणि कूस बदलून पडून राहायचा. तिनं दोन आठवडे पळणंच बंद केलं. त्यावर तो आणखी चिडला. शेवटी तोडगा निघाला तो असा : ती पळणार आणि तो स्कूटरवरून पाण्याची बाटली घेऊन मागे येणार. डीपी रस्त्यावरच्या नेहमीच्या मंडळींनी यावर बरेच विनोद केले. डिसेंबरमध्ये तो शर्यतीच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. तिनं अर्धमॅरेथॉन पूर्ण केली, तिच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा अकरा मिनिटं उशिरा.

मग परत ट्रेडमिल चाचणी झाली आणि संथ पळायला परवानगी मिळाली, पण अटींसह. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी आणि हृदयाची गती आवरणारी एक गोळी. या शेवटच्या गोळीनं त्याच्या घड्याळातले सगळे हिशेब निकामी केले. कितीही जोर लावला तरी ठोके पूर्वीसारखे वाढत नाहीत, त्यामुळे ठोक्यांवरून वेग ठरवायचा कसा? अशा वेळी एक जुनी, फुकटची पद्धत चांगली चालते. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना मधेच श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे.

आता आठवड्यातून तीन दिवस दोघं राजाराम पुलापर्यंत जातात. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. टेकडी अजून नाही. ती त्याला पाढे म्हणायला लावते, कारण गप्पा मारायला सांगितलं की तो नुसतं ‘हं, हं’ करून वेळ मारून नेतो. परवा सतराचा पाढा चालू होता. ‘सतरा साती’वर तो अडला. ती लगेच थांबली, त्याचा हात धरला आणि छातीत काही होतंय का, म्हणून विचारलं.

“काही होत नाहीये गं,” तो म्हणाला. “सतराचा मला शाळेतही येत नव्हता.”